सेव्ह, बॅकअप आणि ‘किरकोळ दुरुस्त्या’: एका एडिटरच्या मॅन्युअलचं प्रकरण

हे प्रकरण एका मुक्त टेक्स्ट एडिटरच्या मॅन्युअलचं आहे. एडिटर जुना आहे, मॅन्युअलही जुनं आहे, आणि अनेकांनी वेळोवेळी हात लावल्यामुळे त्यात अनेकांच्या लिहिण्याच्या सवयी मिसळल्या आहेत. मूळ मजकूर इंग्रजीत, टेकइन्फो या मॅन्युअल लिहिण्याच्या खुणांच्या भाषेत लिहिलेला आणि प्रोग्रॅमच्या सोर्स कोडसोबत एकाच गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) ठेवलेला. माझ्याकडे आला तो त्यातला एक धडा: फाइल सेव्ह करणं आणि बॅकअप. धडा वाचायचा, शब्दांच्या चुका आणि अडखळायला लावणारी वाक्यं टिपायची, पॅच (नेमक्या बदलांची फाइल) पाठवायचा. नवी माहिती घालणं कामात नव्हतं. अशा पॅचच्या मथळ्यात ‘शब्दरचनेतल्या किरकोळ दुरुस्त्या’ असं लिहितात, आणि रिव्ह्यू करणारे बहुधा तो नुसता चाळून मंजूर करतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. मॅन्युअलमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य म्हणजे प्रोग्रॅम काय करतो याबद्दलचं विधान असतं. ते सुबोध आहे का हा दुसरा प्रश्न; ते खरं आहे का हा पहिला. म्हणून शब्दाला हात लावण्याआधी प्रोग्रॅम चालवून बघणं हे त्या दुरुस्तीचंच काम आहे, वरची हौस नव्हे. मॅन्युअलमधली वाक्यं मी इथे मराठीत उतरवून देते आहे. जिथे गोम इंग्रजी शब्दातच आहे तिथे तो शब्द तसाच ठेवला आहे.

बॅकअपचं वाक्य

धड्याच्या सुरुवातीला हे वाक्य होतं: ‘फाइल सेव्ह केली की तिची आधीची आवृत्ती बॅकअप म्हणून राखली जाते.’

व्याकरण चोख. टिपण केलं ते फक्त कर्मणी प्रयोगाबद्दल, कारण या मॅन्युअलच्या शैलीसूचनेत शक्य तिथे कर्तरी प्रयोग वापरा असं म्हटलेलं आहे. ‘राखली जाते’ऐवजी ‘एडिटर राखतो’ करायचं, एवढंच. पण वाक्यात कर्ता आला की त्याच्याबरोबर प्रश्नही येतो. एडिटर राखतो, ठीक, केव्हा राखतो? दर वेळी?

तपासायला वेळ लागत नाही. बाहेरून तयार केलेली एक फाइल घेतली, आत ‘पहिला’ एवढा एकच शब्द. ती एडिटरमध्ये उघडली, ‘पहिला’ खोडून ‘दुसरा’ लिहिलं, सेव्ह केलं. मग ‘दुसरा’ खोडून ‘तिसरा’ लिहिलं, पुन्हा सेव्ह केलं. आता फोल्डरमध्ये दोन फाइली: मूळ फाइल, आणि नावाच्या शेवटी टिल्डचं चिन्ह असलेला तिचा बॅकअप. मूळ फाइलमध्ये ‘तिसरा’. मॅन्युअलच्या वाक्याप्रमाणे बॅकअपमध्ये ‘दुसरा’ असायला हवं. होतं ‘पहिला’. ‘दुसरा’ डिस्कवर कुठेच नव्हतं. नंतर फाइल बंद करून पुन्हा उघडली, ‘चौथा’ लिहून सेव्ह केलं, तेव्हा कुठे बॅकअप बदलला. आता त्यात ‘तिसरा’ होतं, आणि ‘पहिला’ गेलं ते गेलंच.

म्हणजे हा एडिटर दर सेव्हला बॅकअप घेत नाही. फाइल उघडल्यानंतरच्या पहिल्या सेव्हला घेतो, एकदाच. ईमॅक्स या प्रसिद्ध एडिटरचीही मूळची पद्धत हीच आहे आणि तिच्यामागे नीट विचार आहे. काम करताना आपण सारखं सेव्ह करत असतो. दर सेव्हला बॅकअप बदलला तर त्यात दोन मिनिटांपूर्वीचा मजकूर उरेल, आणि कामाला बसण्याआधी फाइल कशी होती ते हातचं जाईल. वागणूक बरोबर आहे, तिचं वर्णन चुकीचं आहे.

चूक दोन ठिकाणी होती. ‘सेव्ह केली की’ यातून ‘दर वेळी’ असा अर्थ निघतो, आणि ‘आधीची आवृत्ती’ यातून ‘मागच्या सेव्हची’ असा. यातली कुठलीही चूक स्पेलिंग तपासणाऱ्या किंवा व्याकरण तपासणाऱ्या साधनाला दिसणार नाही. दिसेल ती वाचकाला, आणि तीही अडचणीच्या वेळी: सकाळी लिहिलेला परिच्छेद सेव्ह केला, दुपारी तो काढून टाकून पुन्हा सेव्ह केलं, आता तो परत हवाय आणि बॅकअप उघडला तर त्यात कालची फाइल. हा माणूस मॅन्युअल वाचून निर्धास्त झाला होता. न वाचता काम करणारा कदाचित स्वतःहून एक प्रत ठेवून मोकळा झाला असता. हे मला फार लागतं. विश्वास ठेवून वाचणाऱ्याचंच नुकसान व्हावं हे कुठल्याही मॅन्युअलच्या बाबतीत सगळ्यांत वाईट.

त्यात भर म्हणजे ‘बॅकअप’ या शब्दाचा अर्थ वाचक आपापल्या जुन्या एडिटरवरून लावतो. विममध्ये काहीही सेटिंग न बदलता फाइल लिहिली तर बॅकअप तात्पुरता बनतो आणि लिहिणं यशस्वी झालं की पुसला जातो. हेतू एवढाच की लिहिताना मध्येच काही बिघडलं तर मूळ मजकूर जाऊ नये. नॅनो मागितल्याशिवाय बॅकअप घेतच नाही. ईमॅक्स न मागता घेतो आणि ठेवतो. तिघांकडून येणारे तीन वाचक आमचं एकच वाक्य तीन समजुतींनी वाचणार. अशा ठिकाणी मोघम शब्द चालत नाही.

नवं वाक्य

पहिला मसुदा असा होता: ‘सत्रात पहिल्यांदा सेव्ह करताना, फाइल उघडली त्या वेळच्या मजकुराची प्रत एडिटर बॅकअप म्हणून ठेवतो.’ वाचायला बरा. पण ‘सत्र’ म्हणजे काय? एडिटर सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचा काळ, असंच कोणीही समजेल. ‘चौथा’ शब्दाच्या चाचणीत एडिटर बंद केलाच नव्हता, फक्त फाइल बंद करून उघडली होती, आणि तेवढ्याने बॅकअप नव्याने बनला. म्हणून ‘सत्र’ काढलं.

‘फाइल उघडली त्या वेळचा मजकूर’ हाही तपासून पाहावासा वाटला. फाइल आपल्याकडे उघडी असताना दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ती डिस्कवर बदलली तर? केलं तसं. एडिटरने सेव्ह करताना इशारा दिला की डिस्कवरची फाइल बदललेली आहे, तरी लिहायचं का. हो म्हटलं. बॅकअप उघडला तर त्यात उघडतानाचा मजकूर नव्हता, त्या दुसऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेला होता. कारण सरळ आहे: हा एडिटर डिस्कवर जी फाइल आहे तिचंच नाव बदलून तिला बॅकअप करतो आणि नवी फाइल लिहितो. उघडताना काय होतं याची वेगळी प्रत त्याच्याकडे नसते.

आता इथे मोह होतो तो ही सगळी परिस्थिती वाक्यात कोंबण्याचा. तसं करायची गरज पडली नाही. ‘उघडली त्या वेळचा मजकूर’च्या जागी ‘पहिल्या सेव्हच्या आधी डिस्कवर असलेला मजकूर’ असं लिहिलं की दोन्ही प्रसंग त्यात बसतात. शब्द वाढत नाहीत, अपवाद सांगावा लागत नाही, आणि ज्याला ती विरळा परिस्थिती ठाऊकच नाही त्याचं वाचन अडत नाही. या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान या एका शब्दबदलाने दिलं.

मेंटेनरांनी (एडिटरची देखभाल करणाऱ्यांनी) पॅच वाचून एक हरकत घेतली, आणि ती रास्त होती. नवं वाक्य खरं आहे, पण धड्याच्या पहिल्या पानावर नवशिक्याला इतकं लागत नाही. जुनं वाक्य छोटं होतं म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. त्यांनी सुचवलं की पहिल्या पानावर छोटं पण खरं वाक्य ठेवू आणि बाकीचं ‘बॅकअप’ या पोटविभागात नेऊ. शेवटी पहिल्या पानावर हे गेलं: ‘फाइल उघडल्यानंतर फक्त पहिल्या सेव्हला एडिटर बॅकअप घेतो.’ त्यापुढे पोटविभागाचा संदर्भ. जुन्यापेक्षा नवं वाक्य लांबलं नाही. खरेपणासाठी लांबी मोजावीच लागते असं नाही, हे मेंटेनरांच्या हरकतीमुळे कागदावर आलं.

त्या संदर्भाबद्दल एक बारीक गोष्ट, कारण तिथे पुष्कळांची गफलत होते. टेकइन्फोत संदर्भ देण्याच्या आज्ञा वेगवेगळ्या आहेत. ‘एक्सरेफ’ वाक्याच्या सुरुवातीला येते आणि छापील प्रतीत ‘सी’ (पाहा) हा शब्द स्वतःच घालते. तिच्यानंतर पूर्णविराम किंवा स्वल्पविराम लागतो. कंसातल्या संदर्भासाठी ‘पीएक्सरेफ’, तीही आपला ‘सी’ घेऊन येते. नुसत्या ‘रेफ’मध्ये तो शब्द नसतो. याच धड्यात कोणीतरी हाताने ‘सी’ लिहून पुढे ‘एक्सरेफ’ घातलं होतं, त्यामुळे तयार पानावर ‘सी सी’ असं उमटत होतं. सोर्समध्ये हे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून दुरुस्ती सोर्समध्ये करावी, पण वाचन मात्र तयार झालेल्या एचटीएमएल आणि पीडीएफवर करावं. मी धडा दोन्हीवर वाचला, आणि टिपणांतली काही टिपणं केवळ त्यामुळे मिळाली.

‘शुड’

दुसरं वाक्य एन्कोडिंगच्या, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं कोणत्या सांकेतिक रूपात साठवायची याच्या, परिच्छेदातलं. ‘एन्कोडिंग बदलल्यावर फाइल सेव्ह व्हायला हवी.’ इंग्रजीत ‘शुड बी सेव्ह्ड’. याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. एक, तुम्ही आता ती सेव्ह करा. दोन, ती एव्हाना आपोआप सेव्ह झालेली असेल. पहिला अर्थ घेणारा सेव्ह करेल. दुसरा घेणारा एडिटर बंद करून जाईल.

इंटरनेटच्या मानकांमध्ये ही अडचण ओळखून मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ वगैरे शब्दांचे अर्थ बांधून दिले गेले. पण ते अर्थ लागू होतात ते त्याचा हवाला देणाऱ्या मानकांना. एडिटरचं मॅन्युअल उघडणारा माणूस रोजच्या भाषेचे अर्थ घेऊन येतो. त्याच्यासाठी ‘शुड’ हा शब्द टाळणं हाच उपाय.

इथेही आधी चाचणी. एन्कोडिंग बदललं, स्टेटस लाइनवर फाइलमध्ये न उतरलेला बदल असल्याची खूण आली, डिस्कवरची फाइल जशीच्या तशी. म्हणजे अर्थ पहिला. वाक्य झालं: ‘नवं एन्कोडिंग फाइलमध्ये उतरण्यासाठी ती सेव्ह करा.’ थेट आज्ञार्थ, आणि आधी कारण. धड्यात आणखी काही ‘शुड’ होते. त्यातले काही खरोखर सल्ला होते आणि सल्ला म्हणूनच शोभत होते. ते राहू दिले. एकाच शब्दाला सगळीकडून हाकलून देणारी शोध-आणि-बदल मोहीम मॅन्युअलच्या कामात घातक असते.

फाइल आणि बफर

तसाच मोह ‘फाइल’ आणि ‘बफर’ या जोडीबाबत होता. धड्यात दोन्ही शब्द मनाला येईल तसे वापरले होते. बफर म्हणजे मेमरीतला मजकूर, ज्यावर आपण टाइप करतो. फाइल म्हणजे डिस्कवरची. सेव्ह करणं म्हणजे पहिल्यावरून दुसरी लिहिणं. धडाच सेव्हचा असल्यामुळे या दोहोंतला फरक हाच त्याचा विषय, आणि तिथेच शब्दांची सरमिसळ.

लिहिणारे हे मुद्दाम करत नाहीत. शाळेपासून शिकवलेलं असतं की एकच शब्द सारखा वापरू नका, पर्यायी शब्द शोधा. निबंधाला ते ठीक. मॅन्युअलमध्ये शब्द बदलला की वाचक समजतो की वस्तू बदलली. ईमॅक्समध्ये ‘किल’ आणि ‘डिलीट’ या वेगळ्या क्रिया आहेत: किल केलेला मजकूर किल-रिंगमध्ये जातो आणि ‘यँक’ करून परत आणता येतो, डिलीट केलेला तिथे जात नाही. तिथे कोणी वाक्य सजवायला म्हणून एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर ते वाक्य खोटं होईल.

मग प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारत गेले: इथे डिस्कवरची वस्तू अभिप्रेत आहे की मेमरीतली? ‘फाइल बदललेली असेल तर एडिटर विचारतो’ इथे बफर हवं होतं. शिवाय दुसऱ्या प्रोग्रॅमने डिस्कवर बदलली तरीही एडिटर विचारतो, पण वेगळा प्रश्न. म्हणजे शब्द नीट केला नसता तर दोन वेगळ्या इशाऱ्यांचा गोंधळ झाला असता. ‘फाइल बंद करा’ इथे काटेकोरपणे बघितलं तर बंद होतो तो बफर. पण मेन्यूत ‘फाइल बंद करा’ असंच लिहिलेलं आहे, आणि वाचक मॅन्युअल एका बाजूला ठेवून मेन्यूत तोच शब्द शोधणार. तिथे फाइल राहू दिली. काटेकोर शब्द आणि पडद्यावरचा शब्द यांत भांडण झालं तर माझं मत पडद्याच्या बाजूने.

ज्यांना हात लावला नाही

एका ठिकाणी मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅमचा एरर मेसेज उद्धृत केला होता: फाइल लिहिता येत नाही, या अर्थाचा. त्यात ‘कॅनॉट’ हा शब्द तोडून ‘कॅन नॉट’ असा दोन शब्दांत होता. शैलीसूचनेप्रमाणे तो जोडून हवा. सहज दुरुस्त करता आला असता. पण प्रोग्रॅम पडद्यावर तोच, तुटक शब्दांतला संदेश दाखवतो. अडलेला वापरकर्ता तो संदेश जसाच्या तसा उचलून मॅन्युअलमध्ये शोधतो. मॅन्युअलमध्ये मी तो जोडला तर त्याचा शोध रिकामा परतेल. उद्धृत संदेश हा मॅन्युअलचा मजकूर नसतोच, तो प्रोग्रॅमचा मजकूर असतो. म्हणून मॅन्युअल तसंच ठेवलं आणि प्रोग्रॅममधल्या संदेशाबद्दल वेगळी नोंद केली. तो बदलेल तेव्हा एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलात) दोन्ही बदलावेत असंही त्यात लिहिलं.

शीर्षकांनाही हात लावला नाही, एक सोडून. टेकइन्फोत प्रत्येक विभागाला एक नोड-नाव असतं आणि एक दिसणारं शीर्षक. एचटीएमएल पानाचं नाव आणि आतले सगळे संदर्भ नोड-नावावर अवलंबून असतात. ते बदललं की बाहेरून त्या पानाकडे येणाऱ्या लिंका तुटतात. बदलायचंच असेल तर जुन्या नावाचा ‘अँकर’ मागे ठेवावा लागतो. दिसणारं शीर्षक मात्र नोड-नावाला धक्का न लावता बदलता येतं. बॅकअपच्या पोटविभागाचं शीर्षक तेवढं तसं बदललं.

शेवटच्या शब्दसूचीतला जुना शब्द काढायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. एखादी संज्ञा मजकुरातून गेली तरी वाचकाच्या डोक्यातून ती गेलेली नसते. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये ‘यँक’ हीच संज्ञा चालते, तरी शब्दसूचीत ‘पेस्ट’खाली शोधणाऱ्यालाही ते पान सापडतं. आमच्या धड्यात जिथे जिथे संज्ञा बदलली तिथे जुनी नोंद शब्दसूचीत ठेवली.

पॅचचे तुकडे

एवढं सगळं एका पॅचमध्ये ‘किरकोळ दुरुस्त्या’ या नावाखाली पाठवणं मला पटलं नाही. रिव्ह्यू करणारा स्वल्पविराम बघण्याच्या बेताने वाचत असतो आणि त्या ओघात बॅकअपचं वाक्यही वाचून पुढे जातो. म्हणून अर्थ बदलणारी प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये ठेवली, आणि कमिटच्या संदेशात चाचणीच्या पायऱ्या दिल्या: फाइल घ्या, हे लिहा, सेव्ह करा, हे दिसेल. रिव्ह्यू करणाऱ्याला माझ्यावर विश्वास ठेवावा लागू नये, त्याला स्वतः करून बघता यावं. संज्ञांचे बदल एका कमिटमध्ये. निव्वळ टायपो, जादा स्पेस, सुटलेले स्वल्पविराम, ‘सी सी’ हे सगळं एका कमिटमध्ये.

परिच्छेद पुन्हा भरायचा नाही, म्हणजे सोर्समधल्या ओळी सारख्या लांबीच्या करायला पुन्हा तोडायच्या नाहीत, हा नियम मी कसोशीने पाळते. एक शब्द बदलला की सोर्समधली ती ओळ लांबडी होते किंवा तोकडी राहते, आणि ईमॅक्ससारख्या एडिटरमध्ये मेटा-क्यू दाबून परिच्छेद सरळ करण्याची बोटांना सवय असते. तसं केलं की डिफमध्ये (जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो आणि एक शब्द त्यात हरवतो. टेकइन्फोत परिच्छेदातल्या ओळी कुठे तुटतात याचा तयार पानावर परिणाम होत नाही, म्हणून वेडीवाकडी ओळ खुशाल राहू द्यावी. विमच्या हेल्प फाइलींची गोष्ट वेगळी: त्या साधा मजकूर म्हणून जशाच्या तशा दिसतात आणि ७८ स्तंभांची मर्यादा तिथे पाळतात, तेव्हा ओळ नीट करावीच लागते. तिथे किंवा इतरत्र परिच्छेद भरला गेलाच असेल तर गिट डिफला ‘वर्ड-डिफ’चा पर्याय देऊन शब्दशः फरक बघता येतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला तसं कळवावं.

भाषांतरकारांचा विचार बहुतेक पॅचमध्ये होतच नाही. मॅन्युअलची भाषांतरं गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पद्धतीने चालत असतील, तर मूळ परिच्छेदातला एक शब्द बदलला की त्या परिच्छेदाचं भाषांतर प्रत्येक भाषेत ‘फझी’ (पुन्हा तपासायला हवं असं) ठरतं, आणि कोणीतरी ते पुन्हा तपासून खूण काढेपर्यंत वाचकाला तिथे मूळ इंग्रजी दिसतं. म्हणजे माझ्या एका स्वल्पविरामाची किंमत प्रत्येक भाषेतला कोणीतरी मोजतो. याचा अर्थ स्वल्पविराम सोडून द्यावा असा नाही. पण एकाच परिच्छेदात आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी अशी दुरुस्ती करण्यापेक्षा तो परिच्छेद एकदाच नीट वाचून सगळं एकदम करावं, आणि ते रिलीजच्या तोंडावर करू नये. केवळ आवडीनिवडीचे बदल मी यातूनच गाळले. ‘सुरू करा’ बरं की ‘चालू करा’ बरं यासाठी कोणाला कामाला लावायचं नाही.

आवडीनिवडीच्या वादांवर लिखित सूचना हाच इलाज. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतांमध्ये अशा काही गोष्टी थेट नोंदवल्या आहेत: फाइलच्या नावाला ‘पाथनेम’ म्हणू नये, ‘फाइल नेम’ दोन शब्दांत लिहावं, ‘पाथ’ हा शब्द जिथे शोधायचं त्या डिरेक्टरींच्या यादीसाठी राखावा, चुकीच्या इनपुटला ‘इल्लीगल’ न म्हणता ‘इनव्हॅलिड’ म्हणावं, कारण इल्लीगल ते जे कायद्याने निषिद्ध. पटो न पटो, नियम लिहिलेला असला की तोच वाद दर पॅचला नव्याने घालावा लागत नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ज्या ग्नू प्रकल्पांत कॉपीराइट सोपवण्याची कागदपत्रं लागतात, तिथे साधारण १५ ओळींपर्यंतचा बदल त्याशिवाय घेता येतो. पण एकाच माणसाचे छोटे छोटे बदल साठत जाऊन मर्यादा ओलांडतात. शब्दांच्या दुरुस्त्या करणाऱ्याच्या बाबतीत हे हमखास होतं, तेव्हा कागदपत्रं आधीच करून टाकलेली बरी.

उरलेलं एक वाक्य

एक वाक्य शब्दांनी सुटणारं नव्हतं. एडिटरमध्ये क्रमांकित बॅकअप ठेवण्याची सोय आहे: दर बॅकअपला पुढचा आकडा, आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाले की मधले पुसायचे. मॅन्युअल म्हणत होतं की पुसण्याआधी एडिटर विचारतो. चाचणीत त्याने विचारलं नाही, मुकाट पुसले.

चर्चेत दोन बाजू पडल्या. काहींच्या मते मॅन्युअल बरोबर आणि प्रोग्रॅममध्ये बग, तेव्हा मॅन्युअलला हात लावू नये, बग निघाला की वाक्य आपोआप खरं होईल. दुसऱ्यांच्या मते वागणूक मुद्दाम तशी केलेली आहे आणि मॅन्युअल मागे राहिलं. इतिहास चाळूनही हेतू स्पष्ट होत नव्हता.

मी वाद घातला तो निराळ्या मुद्द्यावर. बग कोणाचा हे ठरेपर्यंत, वाचकाच्या हातात जो एडिटर आहे तो न विचारता फाइली पुसतो. त्याच्या हातातल्या मॅन्युअलने हे आज सांगितलं पाहिजे. ईमॅक्समध्ये मॅन्युअलच्या दुरुस्त्या रिलीजच्या शाखेवर (लवकरच प्रसिद्ध व्हायच्या आवृत्तीच्या सोर्सवर) घेतात, ती शाखा नव्या गोष्टींसाठी गोठलेली असली तरी, कारण त्यांनी प्रोग्रॅम बिघडत नाही. तोच मार्ग इथे धरावा असं सुचवलं: रिलीजच्या शाखेवर मॅन्युअल आजच्या वागणुकीप्रमाणे, आणि विकासाच्या शाखेवर बगचा निकाल लागेल तसं.

हे मान्य झालं. रिलीजच्या शाखेवर आता असं आहे: ‘ठरवलेल्या संख्येपेक्षा बॅकअप जास्त झाले की एडिटर मधले बॅकअप न विचारता पुसतो.’ त्याच्या लगेच पुढे ती संख्या कुठे वाढवायची याचा संदर्भ. विकासाच्या शाखेवर जुनंच वाक्य आहे, त्याच्या वर सोर्समध्ये एक टिप्पणी, आणि टिप्पणीत बगचा नोंद-क्रमांक. प्रोग्रॅम विचारायला लागला तर टिप्पणी निघेल, नाही तर रिलीजच्या शाखेवरचं वाक्य इकडे येईल. नोंद अजून उघडी आहे.